आठ दिवस श्रीलंका, रेल्वेने: बाबांना घेऊन पहिल्यांदाच जातेय, मदत हवी

रुळावरची | ४ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत बाबांना घेऊन श्रीलंकेला जायचं ठरलंय. ७ तारखेला संध्याकाळी कोलंबोला उतरायचं आणि १५ ला सकाळी परतीचं विमान. म्हणजे मधले पूर्ण सात दिवस हातात. आम्हा दोघांचाही हा पहिलाच परदेश.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि बरीचशी नोकरी एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांवर झाली. गुडघे कुरकुरतात, बाकी तब्येत ठणठणीत. त्यांची अट एकच आहे: "जमेल तेवढं गाडीने फिरू. वाटेत जे येईल ते बघू."

मी काढलेला मार्ग असा: कोलंबो, अनुराधापुरा, त्रिंकोमाली, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला (राष्ट्रीय उद्यान), गॉल, परत कोलंबो. सात दिवसांत हे बसेल का? आणि गाड्यांची तिकिटं, थंडी-पाऊस, शाकाहारी जेवण याबद्दल कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. नुसतं "मस्त आहे, जाऊन या" नको.

---

निळीछत्री | ४ जानेवारी

मस्त आहे ताई, जाऊन या! सविस्तर नंतर लिहिते, आत्ता फक्त जागा पकडून ठेवतेय.

---

घाटवाट | ४ जानेवारी

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हा मार्ग सात दिवसांत बसत नाही. कागदावर बसतो, पण प्रत्यक्षात रोज सकाळी बॅग भरायची आणि रोज रात्री नवीन खोलीचा दिवा कुठे आहे ते शोधायचं एवढंच होतं. मी पहिल्या खेपेला हेच केलं होतं. आज आठवायला बसलो तर अनुराधापुराचे स्तूप आणि पोलोन्नरुवाच्या मूर्ती एकमेकांत मिसळतात.

नकाशावर देश लहान दिसतो म्हणून फसायला होतं. कोलंबो ते बदुल्ला हा डोंगरातला मुख्य मार्ग जेमतेम २९० किलोमीटरचा आहे, पण गाडीला त्यासाठी नऊ-दहा तास लागतात. कँडी ते एल्ला दीडशेच्या आसपास किलोमीटर असेल, त्यालाच साडेसहा-सात तास. वर चढताना गाडी इतकी हळू जाते की रुळाशेजारच्या चहाच्या झुडपाची पानं मोजता येतील. हा वेळ वाया जात नाही, सहल ती हीच. बाबा स्टेशनमास्तर होते म्हणता, तर त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पहिल्या खेपेला एकच मार्ग धरा. कोलंबो, कँडी, नानू ओया (नुवारा एलियाचं स्टेशन), एल्ला. शेवटी जमलं तर गॉल आणि तिथून समुद्रकाठाने कोलंबो. अनुराधापुरा, त्रिंकोमाली आणि याला, तिन्ही काढून टाका. त्रिंकोमाली तर फेब्रुवारीत तशीही ऐन मोसमात नसते. या देशाला पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, तेव्हा कोलंबो-गॉलचा किनारा आणि डोंगरउतार भिजतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून, तेव्हा पूर्व आणि उत्तर भाग. तुम्ही निवडलेला काळ डोंगर आणि दक्षिण-पश्चिम किनाऱ्यासाठी उत्तम आहे. तिकडेच राहा.

---

पोटोबा | ४ जानेवारी

घाटवाट यांना अनुमोदन. जेवणाचं मी उद्या लिहितो. तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

---

जुनापाना | ५ जानेवारी

रुळावरची ताई, बाबांना एक गोष्ट नक्की आवडेल. श्रीलंकेच्या रेल्वेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आपल्यासारखाच आहे, १६७६ मिलिमीटर ब्रॉडगेज. पहिली गाडी १८६४ मध्ये कोलंबोहून अंबेपुस्सपर्यंत धावली. बहुतेकांना वाटतं की हा मार्ग चहासाठी बांधला. पण तेव्हा डोंगरात चहा नव्हताच, कॉफी होती. बैलगाड्यांतून कॉफी बंदरावर न्यायला आठवडे लागायचे, म्हणून मळेवाले रेल्वेच्या मागे लागले. पुढे १८६९ पासून तांबेरा या पानांवरच्या रोगाने कॉफीचे मळे बसवले. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्ये लूलकंदुर इथे चहाची लागवड सुरू केली होती, तो चहा मग डोंगरभर पसरला. त्याच्या मागोमाग रूळ वर चढत गेले आणि बदुल्लाला पोचले ते १९२४ मध्ये.

आणि खिडकीतून ज्या पानं खुडणाऱ्या बाया दिसतील, त्यांचे पणजोबा-पणज्या दक्षिण भारतातून मळ्यांवर आणलेले मजूर. स्वातंत्र्यानंतर यातल्या लाखो लोकांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं आणि ते परत मिळायला कित्येक दशकं गेली. फोटो काढण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं, आणि जवळून काढायचा असेल तर विचारून काढावा.

---

भटक्या०७ | ५ जानेवारी

विमानाने का जाताय पण? नागपट्टिणमहून जाफनाजवळच्या कांकेसंतुरैला बोट सुरू झालीय ना? इथून रेल्वेने नागपट्टिणम, तिथून बोट, पुढे पुन्हा रेल्वे. संपूर्ण प्रवास रुळांवर आणि पाण्यावर!

---

जुनापाना | ५ जानेवारी

कल्पना सुंदर आहे आणि तिला इतिहासही आहे. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला, तेव्हापासून मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत आगगाडी, तिथून बोटीने तलाइमन्नार आणि पुढे कोलंबोपर्यंत पुन्हा आगगाडी, असा एकच प्रवास करता यायचा. लोक त्याला बोट मेल म्हणायचे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं, रूळ गेले, स्टेशन गेलं, एक अख्खी पॅसेंजर गाडी माणसांसकट समुद्रात गेली. तो दुवा पुन्हा कधी जोडला गेला नाही.

आत्ताची बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, मग बंद पडली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुटली. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. महिनाभराची सवड असलेल्याने जरूर जावं. पण सात दिवस आणि सोबत सत्तरीतले बाबा, अशा वेळी परतीची बोट रद्द झाली तर काय करणार? ताई, विमानच बरं.

---

पोटोबा | ५ जानेवारी

आता जेवण. श्रीलंकेत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण नकळत मासे मात्र खातो. कारण उंबलकड. हा मालदीवकडचा सुकवलेला मासा, लाकडासारखा कडक. त्याचा चुरा ओल्या खोबऱ्याच्या चटणीत असतो, फणसाच्या भाजीत असतो, कधी साध्या पालेभाजीतसुद्धा असतो. तिथल्या माणसाला तो मासा वाटतच नाही, आपल्याला हिंग जसा वेगळा जाणवत नाही तसा. "व्हेज?" विचारलं तर तो खऱ्या मनाने हो म्हणेल. म्हणून "उंबलकड आहे का?" हे नाव घेऊनच विचारा. पोल सांबोल, म्हणजे तीच खोबऱ्याची चटणी, तिथे पानात येतेच, तिच्यापासून सुरुवात करा.

पाठ करायचे शब्द: माळु म्हणजे मासे, मस् म्हणजे मांस, बित्तर म्हणजे अंडं, एळवळु म्हणजे भाजी, एपा म्हणजे नको. "मस् एपा, माळु एपा, उंबलकड एपा" एवढं म्हटलं की काम झालं. परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातलं मसुरीचं वरण, ते भातावर घ्या. बाबांना नक्की आवडेल. तमिळ शैव खाणावळ दिसली तर निर्धास्त बसा.

गाडीत वडेवाले चढतात. डाळवडा घ्या, पण वर कोळंबी चिकटवलेला वडाही त्याच टोपलीत असतो, बघून घ्या. दाण्याच्या पुड्या शाळेच्या वह्यांच्या कागदात मिळतात. माझ्या पुडीवर कोणाची तरी भागाकाराची गणितं होती, लाल शाईने तपासलेली. ती पुडी अजून माझ्याकडे आहे.

आणि म्हशीचं दही मडक्यातून, वर कितुलच्या झाडाची काकवी. हे चुकवू नका.

---

निळीछत्री | ६ जानेवारी

आता सविस्तर. मी चार वर्षं कामानिमित्त कोलंबोत होते.

भाषेला घाबरू नका. सिंहली आणि मराठी एकाच कुळातल्या आहेत, हे तिथे राहिल्यावर अंगावर येतं. आगगाडीला पुस्तकी शब्द दुम्रिय, म्हणजे धुराचा रथ. बोलताना मात्र कोच्चिय म्हणतात. आभार मानायला "स्तुती", आपलीच स्तुती. मिठाला लुणु, दुधाला किरि, मिरचीला मिरिस. आकडे मोजा: एक, देक, तुन, हतर, पह. भाजीवालीशी हे बोललं की ती आधी हसते आणि मग एखादं केळं जास्त देते. स्टेशनांच्या पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतात, त्यामुळे चुकायची भीती नाही.

गरम कपडे घ्या. उष्ण कटिबंधातला देश म्हणून लोक सुती कपडे घेऊन येतात आणि नुवारा एलियाला कुडकुडतात. ते गाव १८६८ मीटरवर आहे. फेब्रुवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. बाबांना स्वेटर, कानटोपी, मोजे हवेतच.

डासांचं औषध घ्या. मलेरिया नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तसं प्रमाणपत्रच दिलंय, पण डेंग्यू आहे आणि तो दिवसा चावणाऱ्या डासांचा.

१२ फेब्रुवारीला पौर्णिमा येतेय. तिथे दर पौर्णिमेला पोय म्हणून सुट्टी असते, मद्यविक्री बंद, देवळांत आणि गाड्यांत गर्दी. त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका.

व्हिसासाठी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, सरकारच्याच संकेतस्थळावरून काढा. शोधल्यावर वर येणारी बरीच संकेतस्थळं मध्यस्थांची असतात, हुबेहूब सरकारी दिसतात आणि जादा पैसे घेतात. यूपीआय २०२४ पासून चालतं म्हणतात, पण स्टेशनच्या खिडकीवर रोखच लागते. एका भारतीय रुपयाचे साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये होतात.

---

रुळावरची | ६ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. त्रिंकोमाली, अनुराधापुरा, याला, तिन्ही काढली. माझ्या जिवावर आलं होतं, पण बाबाच म्हणाले, "एका गाडीने गेलं की दुसरी चुकतेच. त्याचं दुःख करत बसलं तर नोकरी होत नाही."

आता १० तारखेला कँडी ते एल्ला. आरक्षण तीस दिवस आधी उघडतं, म्हणजे ११ जानेवारीला. कोणता वर्ग घेऊ?

---

घाटवाट | ७ जानेवारी

दुसरा वर्ग, आरक्षित. पहिल्या वर्गाचा वातानुकूलित डबा घेऊ नका. काचा उघडत नाहीत, बाहेरचं सगळं निळसर दिसतं, आणि डोंगराचा वास आत येत नाही. ओल्या मातीचा, निलगिरीच्या पानांचा आणि डिझेलचा मिळून जो वास आहे, त्यासाठी तर जायचं. आरक्षणाला पासपोर्ट क्रमांक लागतो, प्रवासात मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.

---

रुळावरची | ११ जानेवारी

नाही मिळालं. आरक्षण उघडताच बसले होते, सगळं भरून ठेवलं होतं. पानं पुढे सरकेपर्यंत दुसरा वर्ग संपला, तिसराही संपला. मग एका मध्यस्थाला विचारलं, तर त्याने मूळ भाड्याच्या कितीतरी पट रक्कम सांगितली आणि तिकीट प्रवासाच्या आदल्या रात्री हॉटेलवर देऊ म्हणाला. बाबा शेजारीच होते. म्हणाले, "काळ्या बाजाराचं तिकीट घेऊन मी गाडीत बसणार नाही." विषय संपला. पण आता सहलीचा कणाच गेल्यासारखं वाटतंय. सात तास बाबांना उभं कसं ठेवू?

---

घाटवाट | ११ जानेवारी

ताई, धीर सोडू नका. आरक्षण संपलं म्हणजे गाडी संपली असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात बिनआरक्षित डबे असतात, त्यांची तिकिटं त्याच दिवशी खिडकीवर मिळतात आणि ती संपत नाहीत. भाडं काहीशे श्रीलंकन रुपये. प्रश्न फक्त बसायच्या जागेचा, आणि त्याला उपाय आहे.

सात तासांचा तुकडा मोडा. एक दिवस कँडी ते नानू ओया, चारेक तास. रात्री नुवारा एलियाला मुक्काम, स्टेशनपासून ते सात-आठ किलोमीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी नानू ओया ते एल्ला, अडीच-तीन तास. पट्टीपोल, ओहिया, इदलगशिन्न, हापुतळे, सगळा सुंदर भाग याच दुसऱ्या तुकड्यात येतो. नानू ओयाला बरेच प्रवासी उतरतात, तेव्हा जागा होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एल्लाला पोचलात की एका सकाळी रिक्षाने बदुल्लाला जा आणि तिथून गाडीने एल्लाला परत या. बदुल्ला हे शेवटचं स्टेशन, गाडी तिथूनच सुटते, म्हणजे रिकामी असते. खिडकी निवडून बसता येईल. त्या तासाभरात देमोदरचा वळसा लागतो, जिथे रूळ डोंगराला फेरी मारून त्याच स्टेशनच्या पोटाखालच्या बोगद्यातून जातात. त्यानंतर नऊ कमानींचा पूल, १९२१ चा, दगड-विटा-सिमेंटचा, पोलाद न वापरता बांधलेला. सगळे तो पूल बाहेरून बघायला गर्दी करतात, तुम्ही त्याच्यावरून जाल.

---

जुनापाना | ११ जानेवारी

आणि कँडीबद्दल एक. कँडी मुख्य मार्गावर नाही, पेरादेनियाहून फुटणाऱ्या मातले फाट्यावर आहे. त्यामुळे डोंगरात जाणाऱ्या काही गाड्या कँडीत शिरून उलट्या फिरतात आणि काही पेरादेनियाहूनच परस्पर पुढे जातात. वेळापत्रकात कँडी दिसली नाही तर गाडी नाही असं समजू नका, पेरादेनिया बघा. रिक्षाने सहा-सात किलोमीटर आहे.

---

निळीछत्री | १२ जानेवारी

दारात लटकून फोटो काढू नका, कोणी काढत असेल तर बाबांना दारापासून लांब बसवा. बोगद्याच्या भिंती डब्याला लागून असतात, बाहेर झुकलेल्या माणसांचे जीव गेलेत. मी पाहिलेल्या एका मुलीच्या फक्त हाताला खरचटलं, ते तिचं नशीब. हे मी कळकळीने लिहितेय.

---

रुळावरची | २३ फेब्रुवारी

आलो परत! उशीर झाला लिहायला, बाबांना जरा सर्दी झाली होती, आता बरे आहेत.

७ ला विमानतळाजवळ नेगोंबोला राहिलो. ८ ला कोलंबो फोर्टहून कँडी. फोर्टला अजून जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं मिळतात. बाबांनी खिडकीतून ते तिकीट घेतलं आणि बोटांनी त्याची कड चाचपत राहिले. रंबुक्कनच्या पुढे चढ सुरू झाला तसे उठून खिडकीशी गेले. कडुगन्नावाच्या घाटात एका बाजूला सरळसोट कडा, खाली भाताचे तुकडे. मी फोटो काढत होते आणि ते मागे वळून रुळाकडे बघत होते: "चढ बघ. चव्वेचाळीसला एक तरी असेल." नंतर पाहिलं, डोंगरातला कमाल चढ तेवढाच आहे, चव्वेचाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर.

९ ला कँडीत होतो. दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचं देऊळ, पाहून बाहेर पडतोय तर सगळीकडे दिवे गेलेले. संपूर्ण देशाची वीज गेली होती. पानदुराच्या उपकेंद्रात माकड शिरलं म्हणून, असं मंत्र्यांनी सांगितलं. दुकानदार मेणबत्त्या लावून शांत बसले होते. बाबांना पहिली काळजी उद्याच्या गाडीची. स्टेशनवर विचारलं तर तिथला माणूस हसला. त्यांच्याकडे विजेवर चालणारी गाडीच नाही, सगळ्या डिझेलच्या.

१० ला कँडी ते नानू ओया. खरं सांगते, पहिले दोन-अडीच तास उभं राहावं लागलं. मी उभी होते, बाबांना एका शाळामास्तरांनी जागा दिली. हटनला श्रीपाद डोंगराच्या यात्रेचे लोक उतरले आणि मलाही बसायला मिळालं. तळवाकेलेच्या आसपास धबधबा दिसला, पण त्याच वेळी वडेवाला आला आणि बाबांनी धबधब्याकडे पाठ करून त्याच्याकडून दोन डाळवडे घेतले.

मला जे सांगायचंय ते ११ तारखेचं आहे. नानू ओयाला आम्ही तासभर आधी पोचलो. तिथे स्टेशनमास्तरांच्या खोलीबाहेर एक वेताचं मोठं कडं टांगलेलं होतं, त्याला कातडी पिशवी. बाबा त्याच्यासमोर जाऊन थांबले. मी विचारलं काय आहे, तर बोलेचनात. मग म्हणाले, "टॅब्लेट. ही अजून चालू आहे इथे."

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी दोन्ही टोकांना एकेक यंत्र, विजेच्या तारेने जोडलेलं. एका यंत्रातून धातूची एक चकती, म्हणजेच टॅब्लेट, बाहेर काढली की दोन्ही यंत्रं कुलूपबंद होतात. ती चकती ड्रायव्हरच्या हातात असेल तरच त्याने पुढे जायचं, आणि पुढच्या स्टेशनच्या यंत्रात ती पडेपर्यंत दुसरी चकती निघत नाही. बाबांकडे चकतीच्या जागी लोखंडी गोळा असायचा, नीलचा गोळा म्हणायचे. त्यांची सगळी नोकरी त्या गोळ्याच्या भरवशावर गेली. आपल्याकडे ते आता जवळजवळ बाद झालं.

स्टेशनमास्तर बाहेर आले. तरुण होते, पस्तिशीचे. बाबांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी पण स्टेशनमास्तर, रिटायर्ड. त्या माणसाने हात जोडून "आयुबोवन" म्हटलं, आत नेलं आणि खुर्ची दिली. मी दारात उभी राहिले. घंटेचा ठोका आला, त्यांनी ठोका परत दिला, यंत्राचा दांडा ओढला आणि चकती खाली पडली. तो खटका ऐकून बाबांचा उजवा हात आपोआप पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. स्टेशनमास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी चकती पिशवीत घालण्याआधी बाबांच्या तळहातावर ठेवली. काही क्षणच. गाडी आली, कडं ड्रायव्हरकडे गेलं आणि आम्ही धावत डब्यात चढलो.

पट्टीपोलला, म्हणजे जवळजवळ १९०० मीटरवर, धुकं होतं आणि पावसाची भुरभुर. पुढच्या बोगद्यातून बाहेर पडलो तर लख्ख ऊन. इदलगशिन्नला दोन्ही बाजूंना दरी. पण बाबा त्या दिवशी प्रत्येक स्टेशनवर फक्त इंजिनाच्या बाजूला बघत होते, कडं कसं पकडतात ते.

१२ ला पौर्णिमा, एल्लातच विश्रांती. १३ ला पहाटे बदुल्ला आणि तिथून परत. घाटवाट, तुम्ही सांगितलंत तसंच, डबा रिकामा. देमोदरला खालचा रूळ आणि मग वरचं स्टेशन बघून बाबा मुलासारखे हसले. दुपारी भाड्याच्या गाडीने गॉल. १४ ला गॉल ते कोलंबो, डाव्या खिडकीशी समुद्र. हिक्कडुवाच्या पुढे पेरालियाला २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अख्खी गाडी उलटली होती, दीड हजाराच्या वर माणसं गेली. गाडी तिथून जाताना शेजारच्या बाईंनी वाचत असलेलं वर्तमानपत्र मिटून मांडीवर ठेवलं. आम्हीही गप्प बसलो.

जेवणाचे फार हाल झाले नाहीत. "उंबलकड एपा" बाबांना पाठ झालंय, परवा घरी भाजी वाढताना पण म्हणाले.

---

पोटोबा | २३ फेब्रुवारी

ताई, तळहातावर चकती ठेवली ते वाचून थांबलो. पुन्हा वाचलं.

---

घाटवाट | २४ फेब्रुवारी

बाबांना माझा नमस्कार सांगा. आरक्षण मिळालं असतं तर तुम्ही नानू ओयाला उतरलाच नसतात.

---

चहाचीवेळ | ९ डिसेंबर २०२५

धागा वर काढतेय. आम्ही चौघं मार्चमध्ये याच मार्गाने जायचं म्हणतोय. पण दिटवा चक्रीवादळाच्या बातम्या वाचल्या. गाडी सुरू असेल का? जाणं योग्य आहे का?

---

रुळावरची | ९ डिसेंबर २०२५

नोव्हेंबरच्या अखेरीस झालेल्या त्या पावसात सहाशेहून जास्त माणसं गेली आहेत. कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला, आम्ही फिरलो तेच जिल्हे. दरडी कोसळून डोंगरातला मार्ग अनेक ठिकाणी तुटलाय.

तुम्ही जाणं रद्द करू नका असं मला वाटतं. तिथल्या रिक्षावाल्यांचं, खाणावळींचं, वडेवाल्यांचं पोट प्रवाशांवर आहे. पण मार्गाची चौकशी अख्खी करू नका, तुकड्यातुकड्याने करा: कोलंबो ते कँडी, कँडी ते नानू ओया, नानू ओया ते बदुल्ला. यातला जो तुकडा सुरू असेल तेवढाच धरा. मधला तुटलेला भाग बसने किंवा भाड्याच्या गाडीने जोडा, तोही रस्ता खुला आहे का ते विचारून. हॉटेलांचे पैसे आधी भरू नका. आणि डोंगरातलं काहीच जमलं नाही तर कोलंबो ते गॉल समुद्रकाठाने जा, किंवा उत्तरेची जाफन्याची गाडी आहे का बघा.

बाबा गेला आठवडाभर रोज तिथल्या बातम्या वाचायला सांगतात. रुळाखालची भर वाहून गेलेला एक फोटो त्यांनी बराच वेळ मोठा करून पाहिला. मार्ग तुटला तेव्हा यंत्रातून निघालेली एखादी टॅब्लेट कुठल्या स्टेशनात अडकली असेल, हे ते मला विचारतात. मी त्यांना काय सांगणार. नानू ओयाच्या स्टेशनमास्तरांना पत्र टाकलंय, बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. उत्तर आलं की इथे लिहीन.